टाळ्यांची सभा

"मावशी, शाल द्या इकडे. पुढच्या बाईले घालायची हाय."

कनातीच्या आड मॅनेजरने हात पुढे केला होता. दोन मिनिटांपूर्वी तीच शाल मालकाच्या सुनेने स्टेजवर माझ्या खांद्यावर घातली होती. फोटो निघाला. टाळ्या वाजल्या. मी पायऱ्या उतरले आणि शाल गेली. मग नारळ गेला. सत्कार चार बायकांचा होता, शाल एकच आणली होती.

स्टेजवर जायच्या आधी मला एक निळा ॲप्रनही दिला होता. साडीवर कोंडा बसलेला, तो फोटोत दिसू नये म्हणून. तोही सोडवून घेतला. मी कोंड्याच्या साडीत परत खाली सतरंजीवर जाऊन बसले. खुर्च्या पाहुण्यांसाठी होत्या.

मला राग आला नाही. हे आधीच लिहून टाकते. मला आनंद झाला होता. लाखनीजवळच्या त्या राईस मिलमध्ये मी अठरा वर्षं काढली होती आणि माईकवर माझं नाव कोणी घेतलं नव्हतं. त्या दिवशी घेतलं. 'स्टार कर्मचारी.' ऑफिसच्या भिंतीवर माझा फोटो लागला. मी येता-जाता त्याच्याकडे पाहायची.

मालकाची सून पुण्याहून शिकून आली होती. कामगारांना आपलंसं कसं करायचं, याचं शिक्षण. आम्ही तिला मॅडम म्हणायचो. ती आम्हाला मावशी म्हणायची, काकू म्हणायची, वाढदिवस विचारायची. ती कधी कोणावर ओरडली नाही. तिच्या सासऱ्याच्या शिव्या खाल्लेल्या आम्हा बायकांना हे फार मोठं वाटलं.

तिने दोन गोष्टी सुरू केल्या. फाटकाजवळ पांढरा बोर्ड लावला: 'मशीन न थांबता सलग दिवस.' खाली आकडा, रोज सकाळी पुसून नवा. लाइट गेली तर ते धरत नसत. माणसाने थांबवली तर आकडा शून्यावर. आणि रोज सकाळी दहा मिनिटांची सभा. चांगलं काम करणाऱ्याचं नाव, मग टाळ्या. मशीन कोणी थांबवली असेल, तर तिने पुढे येऊन माईकवर म्हणायचं, "माझ्यामुळे मशीन थांबली." त्यालाही टाळ्या. चूक कबूल केल्याचं कौतुक म्हणून.

कांताबाई माझ्याहून वयाने मोठी, तोंडाने फटकळ. पहिल्या वेळी माईक धरून म्हणाली, "माह्यामुळे थांबली. खड्ड्यात उंदीर होता. त्याचाबी सत्कार करून टाका." सगळ्या हसल्या. मॅडमही हसल्या. दुसऱ्या वेळी कोणी हसलं नाही. तिसऱ्या वेळी सभा संपल्यावर तिच्या पाळीतल्या बायकांनी तिच्याजवळ डबा उघडला नाही. त्यानंतर कांताबाईने मशीन थांबवायच्या लाल बटनाला हात लावला नाही.

तो खड्डा सांगितला पाहिजे. धान वर नेणारा बादल्यांचा पट्टा जिथून सुरू होतो, तिथे खाली कमरेएवढा खड्डा आहे. सांडलेलं धान त्यात साचतं. दिवसातून दोनदा एकीने खाली उतरायचं आणि टोपलीने ते बाहेर काढायचं. आमची रीत होती. वरची बाई लाल बटन दाबायची आणि त्यावर हात ठेवून उभी राहायची. खालची बाहेर आली की म्हणायची, "निघाली व." तोवर हात उचलायचा नाही. जेवणाची घंटा होऊ दे, मालक समोर येऊ दे. कुठल्या कागदावर हे लिहिलेलं नव्हतं. मला कांताबाईने शिकवलं, तिला तिच्या सासूने.

बोर्ड लागला आणि दोन महिन्यांत ती रीत संपली. बंद करा असं कोणी सांगितलं नाही. आमच्या आम्हीच चालू पट्ट्याखाली उतरायला लागलो. अंग चोरून, पदर दातात धरून. पट्ट्यावर लोखंडी जाळी होती. टोपली अडते म्हणून मॅनेजरने ती काढून भिंतीला टेकवली होती.

दुर्गा आमच्यात सर्वांत लहान. तिच्या सासरचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं. पुनर्वसनात घर मिळालं, पण धानाच्या बांध्या, होती ती सगळी शेती, गेली. म्हणून ती मिलमध्ये. त्या दुपारी खड्डा काठोकाठ भरला होता. उतरायची पाळी तिची होती. बटनाजवळ मी होते.

"बाई, बंद करता का जरासक?"

"बोर्ड पाह्य. दोनच दिवस राह्यले महिन्याले. पटकन काढ."

"मले भेव लागते व."

"मी हाव ना इथं."

ती उतरली. एक टोपली वर आली. दुसरी आली. तिसरी आली. चौथी आली नाही. आधी पट्ट्याचा आवाज बदलला. मग तिचा आवाज आला.

मी बटन दाबलं. बटन दाबलं तरी पट्टा लगेच थांबत नाही. आपल्या वेगाने थांबतो.

मालकाच्या गाडीतून आम्ही भंडाऱ्याला निघालो. तिचा हात माझ्या पदरात गुंडाळलेला. मॅनेजर पुढच्या सीटवर सारखा फोनवर होता. कारध्याचा पूल लागला तेव्हा त्याने फोन ठेवला आणि मागे वळला.

"घरी चाऱ्याच्या कुट्टी मशीनमध्ये हात गेला, असं सांगायचं. दवाखाना आपल्या ओळखीचा हाय."

दुर्गा शुद्धीत नव्हती. तो माझ्याकडे पाहत होता.

उजव्या हाताची चार बोटं गेली. अंगठा राहिला.

दुसऱ्या दिवशी मॅडमने मला केबिनमध्ये बोलावलं. बसायला खुर्ची दिली. चहा आला, पाहुण्यांच्या कपात. समोर एक कागद ठेवला. दुर्गा त्या दिवशी रजेवर होती, असं त्यावर छापलेलं. शेजारी हजेरीची वही उघडी. तिच्या नावापुढची जागा कोरी होती. पान नवं होतं, आदल्या पानांपेक्षा पांढरं.

"मावशी, तुम्ही आपल्या मिलचा चेहरा आहात. बायका तुमचं ऐकतात. तुमची सही झाली की विषय संपला."

"ती कामावर होती, मॅडम."

"मला माहीत आहे. तिची काळजी आपण घेणारच ना. परिवार आहे आपला." मॅडमने माझ्याकडे बिस्किटं सरकवली. "पण चौकशी झाली, तर पहिला प्रश्न तुम्हालाच येईल. पटकन काढ, हे कोण म्हणालं?"

माझ्या हातातला कप तसाच राहिला. ते शब्द खड्ड्याजवळ आम्ही दोघींनीच ऐकले होते. तिसरं कोणी तिथे नव्हतं.

मॅडमने मागच्या भिंतीवरच्या स्क्रीनकडे नुसतं पाहिलं. स्क्रीनवर खड्डा दिसत होता. वरून, स्पष्ट. एक बाई वाकून धान भरत होती. पट्टा चालू होता. तिच्या मागे बटनाजवळ कोणीच नव्हतं. कॅमेरा आहे हे आम्हाला माहीत होतं. तो आवाजही घेतो, हे मला तेव्हा कळलं.

मी घाबरले. मग मला दुसरी गोष्ट कळली. आम्ही रोज चालू पट्ट्याखाली उतरतो, हे ही बाई रोज या खुर्चीत बसून पाहत होती. आणि रोज सकाळी आमच्यासाठी टाळ्या वाजवत होती.

"उद्या सांगते," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सभेला मी सर्वांत आधी जाऊन उभी राहिले. बोर्डवरचा आकडा शून्यावर आलेला नव्हता. तो वाढला होता.

मॅडमने माईक घेतला. दुर्गाताईंना घरी अपघात झाला आहे, त्या लवकर बऱ्या व्हाव्यात म्हणून टाळ्या, असं त्या म्हणाल्या. टाळ्या झाल्या. मी पुढे गेले आणि माईकसाठी हात पुढे केला. त्यांनी दिला. स्टार कर्मचाऱ्याला नाही कसं म्हणणार?

"माह्यामुळे मशीन थांबली," मी म्हणाले. "परवा दुपारी. दुर्गाचा हात पट्ट्यात होता."

सवयीने तीन-चार जणींनी टाळ्या वाजवल्या. मग त्यांच्या लक्षात आलं. हात तसेच अधांतरी राहिले. मी तळहाताने बोर्डवरचा आकडा पुसला. शाई ओली नव्हती, नीट पुसला गेला नाही. तीनदा घासावं लागलं. तेवढा वेळ आत पट्टा चालू होता.

"मावशी, तुम्ही थकल्या आहात," मॅडम म्हणाल्या. आवाज नेहमीचा, मऊ. "घरी जा. आराम करा."

त्यानंतर मला फाटकातून आत घेतलेलं नाही.

मी दुर्गाकडे गेले. तिच्या सासूने दार उघडलं आणि बाजूला झाली. बस म्हणाली नाही. दुर्गा भिंतीला टेकून बसली होती.

"तुमी म्हणल्या होत्या ना बाई, मी हाव ना इथं."

"हो. म्हणली होती."

"मंग आता कुठं हाव?"

मी तिला सांगितलं. तिच्यासाठी तक्रार लिहून कारखान्यांच्या सरकारी ऑफिसात दिली होती, पोच घेतली होती. आता सोबत जोडायच्या कागदावर तिचा अंगठा हवा होता. तिने डाव्या हाताचा अंगठा त्यावर लावला आणि तोंड भिंतीकडे केलं. तिने मला माफ केलेलं नाही. मी मागितलीही नाही.

सोमवारी भंडाऱ्याला माझा जबाब आहे. घरी नवरा रोज एकच सांगतो. "कॅमेऱ्याचं सांग, वहीचं सांग. तू काय बोलली ते कायले सांगतेस? तुह्यावरच उलटीन."

"उलटू द्या."

पहिलं वाक्य तेच असणार. पट्टा चालू होता आणि दुर्गाला खाली मी उतरवलं. हे मी दडवलं तर मॅडमच्या स्क्रीनमध्ये माझी मान अडकलेली राहील आणि त्या मला हव्या तेव्हा खेचतील. ते सांगून झालं की बाकीचं सांगणार. जाळी कोणी काढली. पान कोणी बदललं. रोज कोण पाहत होतं. नावं घेऊन.

काल कांताबाईचा फोन आला. इकडे-तिकडे पाहत बोलत असावी, आवाज दाबलेला. "दुर्गाच्या जाग्यावर नवी पोरगी आली. जाळी भिताडालेच हाय अजून. मी सांगितलं असं कोणाले सांगू नको." आणि फोन बंद.

म्हणजे सोमवारपर्यंत थांबता येत नाही. उद्या सकाळी सभेच्या आधी मी फाटकासमोर, रस्त्याच्या या बाजूला उभी राहणार. आत जाणाऱ्या बायका खाली पाहून जातील. ती पोरगी मला ओळखत नाही, तिला मी कोण हेही माहीत नाही. बटन दाबल्याशिवाय खड्ड्यात उतरू नको, कोणी कितीही मान दिला तरी, हे तिला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने मी सांगणार. मॅनेजर मला हाकलायला बाहेर येईल. परवा पुन्हा जाणार.