आप्पा, सिट अप

इंग्रजी शिकवताना मी तक्ते वापरत नाही. एकेका क्रियापदाला अप, ऑफ, आउट, ओव्हर लावून केलेल्या याद्या पाठ करणाऱ्या मुली ऐन बोलायच्या वेळी गप्प होतात. आपण 'बसून घे', 'बसून राहा' म्हणतो, ते कुणी पाटीवर लिहून शिकवलं होतं? कुणीतरी बसत होतं, कुणीतरी बसवत होतं, तेव्हा कानावर पडलं. इंग्रजीचंही तसंच आहे, आणि यावर मी कुणाशीही भांडायला तयार आहे.

बेळगावातल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत माझा क्लास भरतो. येतात त्या बहुतेक परदेशी जाऊ पाहणाऱ्या नर्सेस. त्यांच्या तोंडी परीक्षेत परीक्षक पेशंट होतो आणि मुलीनं त्याच्याशी बोलायचं असतं.

मध्यंतरी माझ्या वडिलांच्या, आप्पांच्या, खुब्याचं ऑपरेशन झालं. निपाणीजवळ तंबाखूच्या शेतात जन्म काढलेला माणूस माझ्या घरच्या पायरीवरून पडला. डॉक्टरांनी बजावलं होतं, रोज उठवून बसवा, चालवा, नाहीतर छातीत कफ भरेल आणि मग काही खरं नाही. आप्पा भिंतीकडे बघत पडून राहायचे. व्यायाम करून घ्यायला एक बाई यायच्या, त्यांना कानडीत 'नाळे बन्नी' म्हणायचे. उद्या या. तो उद्या काही उजाडत नव्हता. मी गोड बोलले, रागावले, रडलेसुद्धा.

"पडू दे गं मला," ते म्हणायचे. "कुणासाठी उठू आता?"

मी फार घाबरले होते. क्लासमध्ये मात्र तोंडावर काही दिसू देत नव्हते.

त्याच दिवसांत बेळगावजवळच्या कंग्राळी गावची एक नर्स माझ्याकडे येत होती. कामात चोख, पण तोंडी परीक्षेत एकदा नापास झालेली. परीक्षेला आणखी एकदाच बस, असं घरच्यांनी सांगितलेलं. सरावाला कुणाला पेशंट करून बसवलं की ती पुस्तकासारखं बोलायची. एक दिवस वैतागून मी तिला आतल्या खोलीत नेलं.

"आप्पा, हिची परीक्षा हाय. तुम्ही इंग्रज म्हातारं व्हा. ही सांगंल ते करायचं, पण समजलं तरच."

आप्पांनी मान वळवली. "आन् पास न्हाय झालीस तर गं?"

"मग न्हाय जायाला मिळणार, आप्पा," ती म्हणाली.

आप्पांनी डोक्याखालची उशी सारखी केली. "बोल मग."

"प्लीज असिस्ट मी टू एलिव्हेट युवर अप्पर बॉडी."

आप्पा ढिम्म. "काय म्हणतीया ही?"

मी तिला म्हटलं, "दवाखान्यात करतेस तसं कर. हात जे करतोय तेवढंच तोंडानं म्हण."

तिनं वही ठेवली आणि आप्पांच्या पाठीखाली हात घातला. "कम ऑन, आप्पा. सिट अप." तिचा आवाजच बदलला. "होल्ड ऑन टू मी. नाऊ पुट युवर फूट डाउन."

आप्पांनी दातओठ आवळत तिचा दंड धरला आणि पाय जमिनीला लावला. घरी आणल्यापासून पहिल्यांदा. ती आपल्याच नादात पुढचं बोलत होती. मी चौकट धरून उभी राहिले.

मग हे रोजचंच झालं. ड्यूटी संपवून ती यायची, आप्पा वाट बघत असायचे. ती पुस्तकी बोलायला लागली की हे सरळ आडवे. "परत म्हण." परत म्हणायचं म्हणजे परत उठायचं. पुढे वॉकर घेऊन ते इतक्या जोरात निघायचे की तिला 'स्लो डाउन, आप्पा' म्हणावं लागायचं. माझ्यासाठी नाही उठले, तिच्या परीक्षेसाठी उठले. मला ते लागलं, आणि आनंदही झाला.

ती पास झाली. पेढ्यांऐवजी बेळगावचा कुंदा घेऊन आली, आप्पांच्या पाया पडली आणि थोड्याच दिवसांत परदेशी गेली.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी आप्पा उठले नाहीत. चहा तसाच निवला. डोळे पुन्हा भिंतीकडे. परीक्षा तर संपली होती, आता काय सांगून उठवायचं? काही न सुचून मी पुढच्या खोलीत आले. तिथं नव्या मुली जमल्या होत्या. एक जण डोळे मिटून घोकत होती, "गेट अप, गेट ऑन, गेट ओव्हर..." तिला थांबवायचंही त्राण माझ्यात नव्हतं.

आतून आवाज आला. "ती कोण बडबडतीया गं? नापास हुईल ती अशानं. पाठव तिला हिकडं."

मी धावत आत गेले. आप्पांनी एक पाय जमिनीला लावलेला होता.