बोटभर बाहेर

मिस्त्रींच्या पिशवीत थापी होती, लेव्हल होती आणि तळाशी एक ओळंबाही होता. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेलं पितळी वजन, ज्या बिचाऱ्यांना भिंत सरळ आहे की नाही हे नुसत्या नजरेने कळत नाही त्यांची सोय. ही व्याख्या अर्थात मिस्त्रींची. अडतीस वर्षांत त्यांनी तो बाहेर काढला नव्हता. ते एक डोळा मिटायचे आणि सांगायचे, "दोन सूत बाहेर." बाकीचे गवंडी गुपचूप दोरी सोडून बघायचे, तर दोन सूतच निघायचं, म्हणजे पाव इंच. त्यामुळे त्यांचं नाक एकदा जे वर गेलं ते घरी जेवायला बसल्यावरही खाली येत नसे.

साठी ओलांडली आणि कमरेतली नस दबली. डाव्या पायातून टाचेपर्यंत असा झटका जायचा की उघड्या वायरला हात लागल्यासारखं व्हावं. डॉक्टरांनी नसेच्या दुखण्यावरच्या गोळ्या दिल्या, सकाळी एक, रात्री एक. शिवाय समजावूनही सांगितलं, की चक्कर येईल, झापड येईल, तोल जाईल. उठताना सावकाश उठा, उंचावर चढू नका, व्यायाम करा पण शिकवतील तसा आणि काहीतरी धरून. फारच त्रास झाला तर गोळी आपल्या मनाने बंद करू नका, मला कळवा. एवढ्या सगळ्यातून मिस्त्रींनी "व्यायाम करा" हे दोन शब्द घरी आणले. बाकीचे दवाखान्याच्या बाकावरच राहिले असावेत.

घरी त्यांनी स्वतःचं शास्त्र तयार केलं. गोळीने दुखणं झोपतं, तर ते झोपलंय तोवर व्यायाम उरकून घ्यायचा. म्हणजे गोळीचा अंमल ऐन भरात असताना हे गृहस्थ मधल्या खोलीत चाळीस बैठका काढत आणि मग जिना तीनदा वरखाली करत. धरायचं मात्र काही नाही. बांबूच्या परांचीवर जन्म काढलेल्या माणसाने स्वयंपाकघरातल्या ओट्याची कड धरून उभं राहायचं, ही कल्पनाच त्यांना अपमानाची वाटे.

पहिल्याच आठवड्यात कपाट त्यांच्या अंगावर आलं. असं तेच म्हणाले. कपाट गेली तीस वर्षं तिथेच आहे हे बायकोने नजरेस आणून दिल्यावर फरशीचा उतार चुकल्याचा शोध लागला. मग एकदा जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर ते मटकन बसले, तर पायऱ्यांची उंची सारखी नव्हती. तो जिना खुद्द मिस्त्रींनी बांधलेला होता. बायकोने जिन्यातलं पायपुसणं उचललं, दिवा बदलला आणि रोज बैठकांच्या वेळी उगाचच मधल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत बसू लागली.

इथवर सगळं घरातल्या घरात चाललं होतं. पण मिस्त्रींचा जावईही गवंडी होता, त्यांच्याच हाताखाली तयार झालेला, आणि त्याने आयुष्यातलं पहिलं स्वतंत्र काम घेतलं होतं. एका वाचनालयाच्या जिन्याची भिंत. ही भिंत नीट झाली तर वरच्या मजल्यावरच्या सभागृहाचं कामही त्यालाच देऊ, असं वाचनालयाच्या सेक्रेटरींनी सांगितलं होतं. मिस्त्रींची मुलगी दोनदा रस्त्यावरूनच ती भिंत बघून आली होती. आत जायचा तिला धीर झाला नाही.

एका सकाळी मिस्त्री गोळी घेऊन, व्यायाम म्हणून झपझप चालत, नेमके सेक्रेटरी आलेले असताना तिथे पोचले. त्यांनी एक डोळा मिटला.

"बोटभर बाहेर," ते म्हणाले.

पाव इंचावर समाधान मानणाऱ्या माणसाला बोटभर सापडलं, म्हणजे आजवरची सगळ्यांत मोठी चूक. ते मनातून खूशच झाले असणार. जावई म्हणाला, "मामा, मी प्रत्येक थराला ओळंबा लावलाय. परत लावून दाखवू का?"

"मला दोरी दाखवतोस? पाड."

जावयाने आधी मामांकडे पाहिलं, मग सेक्रेटरींकडे. थापी खाली ठेवली आणि वरचे सहा थर हातांनी उतरवले. मसाला अजून ओला होता, विटा सहज सुटल्या. सेक्रेटरी एवढंच म्हणाले, की वरच्या कामाचं मग बघू. रोज संध्याकाळी माहेरी डोकावणारी मुलगी त्या दिवशी आली नाही, आणि मिस्त्रींना वाटलं की आपण जावयाला वेळेवर वाचवलं.

तीन दिवसांनी बायको त्यांना व्यायाम शिकायला घेऊन गेली. शिकवणारी बाई त्यांच्या मुलीहूनही लहान होती, हे मिस्त्रींना पहिल्याच नजरेत खटकलं. तिच्या खोलीत भिंतीवर छतापासून जमिनीपर्यंत एक काळी पट्टी रंगवलेली होती. पट्टीसमोर उभं राहायचं आणि बाजूची लोखंडी दांडी धरायची. मिस्त्रींनी दांडी धरली नाही. सवयीने एक डोळा मिटला आणि सांगितलं, "तुमची पट्टी बोटभर बाहेर आहे."

तिने विचारलं, गोळी कधी घेतली? मघाशीच, ते म्हणाले. "काका, दांडी धरा," ती म्हणाली. यावर मिस्त्रींचं डोकं फिरलं. या पोरीला एकदा दाखवूनच देऊ म्हणून त्यांनी कायम खांद्याला असणाऱ्या पिशवीत हात घातला आणि अडतीस वर्षांत प्रथमच ओळंबा बाहेर काढला. तिने शांतपणे स्टुलावर चढून त्याची दोरी पट्टीच्या डोक्यावरच्या खिळ्याला अडकवली. वजन हललं, डुललं, हळूहळू थांबलं. दोरी पट्टीवर तंतोतंत बसली होती.

मिस्त्रींनी दुसराही डोळा उघडला. दांडी धरली, दोन्ही हातांनी. त्यांना भिंतीवरून उतरणाऱ्या सहा थरांतली एकेक वीट दिसू लागली. लाज वाटली. इतकी वर्षं वापरलीच नव्हती, त्यामुळे भरपूर साठलेली होती.

त्या मुलीने पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगितलं. गोळीच्या अंमलात व्यायाम नको, खुर्चीत बसून पायांचे व्यायाम आधी, उभ्याने करायचे ते ओटा धरून, आणि चक्करेचं डॉक्टरांच्या कानावर घाला. या वेळी एकूण एक वाक्य घरी पोचलं, कारण बायको ऐकत होती. डॉक्टरांनी सकाळची मात्रा कमी केली. ओट्याची कडही मिस्त्रींच्या हाताला चावली नाही.

त्याच आठवड्यात ते वाचनालयात गेले, रिक्षाने, बायकोला घेऊन. पाडलेल्या सहांपैकी चार थर पुन्हा चढले होते. मिस्त्रींनी नव्या थरांकडे बघितलंही नाही. खाली विटांच्या ढिगावर बसून त्यांनी भिंतीच्या जुन्या, न पाडलेल्या भागाला ओळंबा लावून घेतला आणि सेक्रेटरींना बोलावून तो दाखवला. भिंत कललेली असती तर इथेही दिसलं असतं. केसभरसुद्धा फरक नव्हता.

"पाडायला लावलेली भिंत सरळच होती," मिस्त्री म्हणाले. "मी गोळी घेऊन आलो होतो. मला गरगरत होतं आणि ते मला कबूल करायचं नव्हतं. ह्याची काही चूक नाही."

सेक्रेटरी दोरीवरून नजर काढून मिस्त्रींकडे वळले. "म्हणजे आता तुमच्या नजरेवर भरवसा ठेवायचा की नाही आम्ही?"

"नाही," मिस्त्री म्हणाले.

सेक्रेटरींनी मग जावयाला विचारलं, की वरच्या सभागृहाला किती दिवस लागतील. जावयाने सांगितलं, पण त्याचं लक्ष मामांकडे होतं. सेक्रेटरी गेल्यावर त्याने नव्या थरांकडे बोट केलं.

"मामा, एकदा बघता का?"

मिस्त्रींनी बसल्या बसल्या पावलं वरखाली हलवली, मग सावकाश उठले आणि एक हात जावयाच्या खांद्यावर ठेवला. चांगला भार टाकून ठेवला. डोळा मिटला नाही.

"आधी दोरी सोड," ते म्हणाले.