शेवटच्या दाराचा शब्द

मित्राने माझा केसाने गळा कापला, असं मी गेलं वर्षभर सांगत फिरतोय. ऐकणारे हळहळतात, चहा पाजतात. पण सगळं मी कुणालाच सांगितलेलं नाही.

मी धारूरला ज्युनिअर कॉलेजात तासिका तत्त्वावर मराठी शिकवतो. मित्र बीडचा, शिकत असतानाचा, घरी बसून मोबाइलचे खेळ बनवणारा. त्याला शब्दांचा खेळ काढायचा होता: पडद्यावर गोलात सुटी अक्षरं, बोटाने जोडली की शब्द. "असले पन्नास खेळ हायेत," तो म्हणाला. "तू ह्याला गोष्ट दे बे. अंधारी, भ्या वाटंल अशी."

दिली. दोन हिवाळे खपून मी एक अख्खा मुलूख रचला. घाटाच्या पोटात एक गाव, आणि तिथं लोकांचे शब्द खाणारी एक म्हातारी. लोक 'दिवा' विसरले की गावातले दिवे विझायचे, 'वाट' विसरले की वाट बुजायची. खेळणाऱ्याने अक्षरं जोडून शब्द मिळवला की ती वस्तू परत यायची. नदीतून पाण्याऐवजी राख वाहायची. मेंढरांना सावल्या नव्हत्या, म्हातारीने पहिल्यांदा त्याच खाल्ल्या होत्या. आणि सगळ्यात शेवटी एक दार, आतल्या माणसाचं नाव घेतल्याशिवाय न उघडणारं. ते नाव गावात कुणालाच आठवत नव्हतं. माझ्या लिखाणात दार उघडतच नव्हतं. खेळणारा बाहेर बसून राहतो आणि गोष्ट संपते. या शेवटाचा मला फार अभिमान होता.

"ही भानगड सुचली कुठून बे?" बीडच्या स्टँडसमोर भजी खाताना त्याने एकदा विचारलं. तिथं मी पाघळलो.

आमच्या घरी मेंढरं होती. थोरला भाऊ वडिलांबरोबर कळप घेऊन घाटाखाली उतरायचा. एका साली उमापूरच्या अलीकडे दोघांचं भांडण झालं आणि भाऊ हातातली काठी तिथंच टाकून निघून गेला. वडील कळप घेऊन परतले, भाऊ नाही. शोधाशोध केली, पोलिसांत कळवलं, काही हाती लागलं नाही. वडील पुढे वारले. आईने मात्र घरात एक नेम घातला: त्याचं नाव कुणी घ्यायचं नाही. तो स्वतः दारात येऊन हाक देईल, तेव्हा पहिल्यांदा तीच ते घेईल. आमच्याकडे असा काही रिवाज नाही, हा तिचा एकटीचा. नऊ वर्षं तिने तो पाळला, आणि आम्हालाही पाळायला लावला.

मित्राला मी ते नाव सांगितलं. जुन्या वळणाचं, चार अक्षरी, आता कुणी पोराचं ठेवत नाही असं. इतक्या वर्षांनी जिभेवर आलं तर, खरं सांगतो, फार बरं वाटलं. "कुठं बोलू नको," मी म्हणालो. "आईशप्पथ न्हाई," तो म्हणाला आणि उरलेली भजी माझ्याकडे सरकवली.

खेळ आला. मी वर्गात शिकवायचं सोडून स्वतःचीच टिमकी वाजवली, सगळ्यांना तो मोबाइलवर घ्यायला लावला. गावच्या माणसाने लिहिलाय म्हणून पोरापोरींनी घेतलाही. शेवटचा भाग मागाहून आला. बाजाराचा दिवस होता. शिक्षकांच्या खोलीत डबा खाता खाता मी तो उघडला. दारापाशी पोचलो. खाली गोलात चार अक्षरं होती. बोट लावायच्या आधीच मला कळलं. तरी मी ती जोडली. दार उघडलं, सोनेरी उजेड पडला, वर 'शाब्बास!' असं आलं आणि घंटा वाजल्या.

मी त्याला फोन लावला.

"कावून तापायला बे? दार उघडलं न्हाई तर लोक शिव्या देतेत. कायतरी नाव पायजे व्हतं."

"कायतरी? जगात दुसरं नाव नव्हतं?"

"दुसरे लावून बगितले. हेच बसायलंय, लई भारी वाटायलंय. आन् मला सांग, सगळी गोष्ट तूच त्याच्यावरनं लिवली न्हाई का? म्या नुसतं नाव घातलं."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. तोंडाला येईल ते बोललो. संध्याकाळपर्यंत बदलतो म्हणून त्याने फोन ठेवला, आणि बदललंही. पण त्यानंतर मी त्याचं तोंड पाहिलेलं नाही.

घरी आलो तर आई बाजारातून परतली होती. भाजीची पिशवी न सोडता तशीच टाकलेली. अंगणात बाज ओढून तिच्यावर कोरं घोंगडं अंथरलं होतं. चुलीवर डाळ शिजत होती, आणि ती दोन माणसांची नव्हती.

"आला रं त्यो," ती म्हणाली. "स्टँडावर त्याला हाका मारायलेत. म्या माझ्या कानानं आयकलं."

"कोण मारत होतं?"

"दोन पोरी व्हत्या. एकीनं लई मोठ्यानं नाव घेतलं. म्या वळून बगितलं, पर गर्दीत त्यो दिसंना. यील पन. घर काय इसरला न्हाई त्यो."

मी तिला बाजेवर बसवलं आणि मोबाइल काढून समजावलं. हा खेळ आहे, पोरी त्यातलं कोड्याचं उत्तर ओरडल्या, मित्राने दगा दिला. त्याला चार शिव्याही घातल्या. तिने मोबाइलकडे पाहिलं नाही, माझ्याकडेच पाहत राहिली.

"म्हंजी त्यो आला न्हाई."

"नाही."

"आन् तुज्या दोस्ताला त्याचं नाव कुनी सांगितलं?"

"मी," मी म्हणालो.

ती उठली. बाजेवरचं घोंगडं काढून झटकलं आणि घडी घालायला लागली. दुसरं टोक धरायला मी पुढे झालो, तर तिने ते माझ्या हातातून काढून घेतलं.