एका हाताची भाकरी

पेशंटच्या फायली मी वेळेवर भरते, पण किस्से कुठे भरायचे? ते साचत जातात आणि चहाला दोन माणसं जमली की आपोआप बाहेर पडतात. मी सोलापुरात ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. म्हणजे काय, ते माझ्या सासूबाईंनाही नीट कळलेलं नाही. त्या शेजारणींना सांगतात, "सून दवाखान्यात स्वयंपाक करते!"

आता यात खोटं तरी काय? आमच्या सेंटरमध्ये एक सरावाचं किचन आहे. लकवा झालेले, व्हीलचेअरवर आलेले लोक तिथे पुन्हा स्वयंपाक शिकतात.

*

शांतामावशी कुंभारी गावच्या. लकव्यानं डावा हात निकामी झाला, डावा पाय ओढत चालतात. नवरा वारल्यावर गावच्या घरात एकट्याच मजेत राहायच्या. आजारपणानंतर मुलानं, सुनीलनं, त्यांना शहरात आपल्याकडे आणलं आणि गावच्या घराची किल्ली स्वतःच्या बाइकच्या रिंगमध्ये अडकवून टाकली.

"आई, तू स्वतः भाकरी करून दाखव, मग किल्ली देतो," म्हणाला. त्याला वाटलं, विषय संपला.

मावशी पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, "मॅडम, चालायचं मागनं बघू. आदी भाकरी!"

*

नव्या पेशंटला धीर यावा म्हणून मी माझा डावा हात ओढणीनं पाठीशी बांधते आणि एका हातानं चहा करून दाखवते. मावशींसमोर नेमकी दुधाची पिशवी दातात धरून कापायला गेले, आणि अर्धं दूध ओट्यावर!

मावशींनी शांतपणे सगळं पाहिलं. मग शेजारी बसलेल्या दुसऱ्या पेशंटला, बाबूकाकांना म्हणाल्या, "मॅडमला अजून दोन म्हैने लागतील बगा."

*

हे बाबूकाका होटगीचे, रेल्वेतून रिटायर झालेले. पडल्यापासून पाय चालत नाहीत, व्हीलचेअरवर असतात. जन्मात कधी गॅस पेटवला नव्हता. त्यांच्यासाठी शेगडी खाली घेतली, मांडीवर ट्रे दिला, कांदा हलू नये म्हणून खिळे मारलेली फळी दिली. पंधरा दिवसांत काका असे पोहे करायला लागले की आम्ही डबे घेऊन उभे!

पुढच्या आठवड्यात तोंड पाडून आले. विचारलं, "काय झालं काका?"

"आमच्या मंडळींनी पोहे खाल्ले. लई आवडले. आता रोजचा नाष्टा माज्याकडं! मॅडम, तुमी मला बरं केलं का कामाला लावलं?"

*

आता माझी फजिती. मावशींना खुर्चीत बसून काम करता यावं म्हणून मी आमच्या मल्लूमिस्त्रींकडून सरावाचा ओटा कापून खाली घेतला. आठ दिवस ठाकठूक चालली होती. काम झाल्यावर सहज विचारलं, "मावशी, गावच्या घरचा ओटा किती उंच आहे?"

"वटा? कुटला वटा? माजी शेगडी जमिनीवर हाय की!"

खाली बसलं की मावशींना उठता येत नाही, हे मला माहीत होतं. घरी शेगडी कुठे आहे, एवढंच विचारायचं राहिलं होतं. मल्लूमिस्त्री टेप गुंडाळत म्हणाले, "मग मॅडम, आता जमीन किती वर घ्यायची?"

शेवटी त्यांनीच मावशींसाठी एक ठेंगणं, भक्कम टेबल करून दिलं.

*

भाकरी काही जमेना. परात सरकायची, तिच्याखाली ओलं फडकं घातलं. थापताना जमायची, उचलताना तुटायची. कंटाळून मी म्हटलं, "मावशी, लाटून करू या का?"

मावशींनी माझ्याकडे असं पाहिलं की मला सासूबाई आठवल्या. "लाटायची? जवारीची? सोलापूरच्या हाय न्हवं तुमी?"

मग युक्ती त्यांनीच काढली. पालथ्या ताटावर कापड घालायचं, त्यावर थापायची आणि ताट तव्यावर उलटवून कापड अलगद सोडवायचं. मी गपचूप वहीत लिहून घेतलं.

*

परीक्षेला सुनील आला. मावशी खुर्चीत, टेबलावर शेगडी. पहिली भाकरी तुटली. दुसरी कापडालाच चिकटली. सुनीलचा चेहरा पडला, तो मदतीला पुढे सरसावला. बाबूकाकांनी व्हीलचेअर आडवी घातली. "हात मागं! पेपर चालू हाय!"

तिसरी तव्यावर नीट पडली. मावशींनी तिला पाणी लावलं, उलथन्यानं पलटली आणि ती टम्म फुगली. माझे तर डोळेच भरून आले.

मावशींनी त्यावर शेंगदाण्याची चटणी घालून भाकरी सुनीलच्या हातात दिली. त्यानं एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला. मान वर न करता म्हणाला, "आई, जरा जाड झालीय."

मावशींनी पिठाचा हात पुढे केला. "किल्ली."

सुनीलनं खिशातून रिंग काढली. एका हातात भाकरी, दुसऱ्या हातात रिंग. अंगठ्यानं ढकलतोय, नखानं ओढतोय, किल्ली काही सुटेना.

मावशी म्हणाल्या, "मॅडमला इचार. एका हातानं कसं करायचं, त्या शिकवत्यात."