गोडंबीचे लाडू आणि बिब्याचे हात

हिमायतनगरच्या बाजारात लक्ष्मीबाईला तोंडावरून कमी अन् हातांवरून जास्त ओळखत. बिबे फोडून फोडून दहाही बोटं कोळशागत झालेली. बिबा म्हणजे भलतं खोडसाळ फळ! त्याचं काळं तेल उडालं की कातडी फोडांनी भरते; बिबा उतला म्हणतात त्याला. एका नव्या मास्तरानं सुपारी समजून दोन बिबे खिशात टाकले, अन् आठ दिवस बिचारा उभ्यानं शिकवत होता! पण त्याच बिब्याच्या पोटात पांढरीशुभ्र गोड बी निघते, ती गोडंबी. बाळंतिणीच्या लाडवात तिचा मान मोठा.

तेल अंगाला लागू नये म्हणून लक्ष्मीबाई राखेत हात बुडवून दगडानं बिबे फोडी आणि निघाली तेवढी गोडंबी बसवराजअप्पाच्या दुकानात घाली. वीस वर्षांत एक बी तिनं तोंडात टाकली नाही.

औंदा तिच्या एकुलत्या लेकीला, आरतीला, दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरचं. पण लातूरचे सासरवाले म्हणाले, रानातल्या गावात नको. लक्ष्मीबाईनं तेही गिळलं. तिला एकच हवं होतं, नातवंड मांडीवर घ्यायचं. आठव्या महिन्यातच तिनं लाडवापुरती गोडंबी बाजूला काढली आणि बिब्याला शिवायचं बंद केलं. रोज चिंचेनं बोटं घासली, खोबरेल चोळलं. फोड गेले, काळेपणा काही हटेना.

नातू झाला. बारशाला ती लाडवांचा डबा घेऊन लातूरला पोचली. विहीणबाईंनी झाकण उघडून वास घेतला.

"अगं बाई, गोडंबी! इथं मिळत न्हाई, मिळाली तर लई महाग. दुर्मिळ वस्तू हो!"

"दुर्मिळ कशाची? आमच्या रानात पायाखाली सडा असतोय बिब्यांचा."

"मग एवढी महाग का?"

 लक्ष्मीबाईचे हात तोवर नातवाकडं निघाले होते. विहीणबाईंची नजर बोटांवर गेली.

"थांबा, थांबा! लेकराला बिबा उतायचा."

"अडीच महिने शिवले न्हाई. हुंगून बघा, खोबऱ्याचा वास येतोय."

"डोळ्यांनी बघा की. नातू कुठं पळून चाललाय?"

लक्ष्मीबाईनं लेकीकडं पाहिलं. आरतीच्या तोंडात लाडू होता. तो गिळून तिनं पोराला पदराखाली ओढलं.

"नको आई. त्याची कातडी नाजूक हाय."

"तुला ह्याच हातांनी न्हाऊ घातलंय गं."

"तवा कळत नव्हतं कुणाला."

भाकरीला महाग झालेली माणसं लक्ष्मीबाईनं पाहिली होती. नातवाला महाग झालेली ती एकटीच.

निघताना विहीणबाई म्हणाल्या, "आमच्या लेकीचंबी बाळंतपण हाय पुढच्या महिन्यात. किलोभर गोडंबी पाठवा."

"न्हाई मिळायची," लक्ष्मीबाई म्हणाली.

"आता तर म्हणलात, सडा पडलेला असतोय!"

"बिब्यांचा हाय. या येचायला."

पोट कुणाला चुकलंय? पुढल्या आठवड्यात तिचे हात पुन्हा राखेत गेले, अन् गोडंबी पुन्हा अप्पाच्या दुकानात. लातूरला मात्र तिनं चिमूटभर पाठवली नाही. विहीणबाईंनी कुणाकरवी बसवराजअप्पाच्या दुकानातून किलोभर आणवली, म्हणतील त्या भावानं, आणि लाडू फार छान झाले, असं आरतीनंच फोनवर आईला सांगितलं.