खिशावरचा डाग

पांढऱ्या कपड्यावर चहा सांडला की मला मालेगावचा एक फोटो स्टुडिओ आठवतो. मेडिकलच्या दुसऱ्या फेरीतही माझा नंबर लागला नव्हता, आणि वर्गातली एक महामाया एप्रन घातलेला तोच एक फोटो रोज स्टेटसला टाकत होती: 'डॉक्टर'. खिशावरचा चहाचा डागसुद्धा डॉक्टरीणबाईंनी धुतला नव्हता. तरी ते पाहून माझ्या घशाखाली भाकर उतरेना. "काहून जेवून नाई राह्यली वं?" आई विचारायची. मग पासपोर्ट फोटो काढायला स्टुडिओत गेले, तर खिळ्यावर तोच एप्रन, तोच डाग, वर शिळ्या घामाचा आणि पावडरीचा वास. "तुले बी घालाचा काय?" फोटोवाला म्हणाला. "सारेच घालतेत, नंबर लागो का नको." या मळक्या चिंधीपायी मी उपाशी राहिले होते! आजही मोबाईलवर कोणी यश मिरवलं, की मी अभिनंदन नंतर करते. आधी डाग शोधते.