जावयाचा पाना

सासुरवाडीत जावयाने बसावं, जेवावं आणि झोपावं. चाक बदलू नये. हे शहाणपण मला केनवडला, मेहुणी वैशालीच्या साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, सकाळी आलं.

कार्यक्रम रिसोडला. नवरदेवाकडची मंडळी केव्हाच पोचलेली, वैशाली नटूनथटून माझ्या गाडीत बसलेली, आणि मागच्या चाकात बाभळीचा हा एवढा काटा! मी स्टेपनी चढवली, तोच सासरे धावत आले.

"जवाईबापू, तुमी कायले हात काळे करता? सरा, मी आवळतो."

"नको तात्या! तुम्ही पान्यावर उभं राहून उड्या मारता. हिला टॉर्क पानाच लागतो."

हा पाना मी नवाच घेतला होता (आणि मिरवायला कुणी सापडत नव्हतं). दांड्यावर आकडे असतात. गाडीला हवा तो आकडा लावायचा आणि सावकाश ओढायचं. नट तेवढा आवळला गेला की पाना 'कट्' असा वाजतो. वाजला की हात काढायचा! आदल्या संध्याकाळी तात्यांच्या ट्रॅक्टरच्या चाकावर मी हे अख्ख्या घराला करून दाखवलं होतं. टाळ्याही घेतल्या होत्या!

"आता कुणी बोलायचं नाही. आवाज ऐकू आला पाहिजे!"

सासूबाईंनी मिक्सर बंद केला. मी ओढलं. आवाज नाही. आणखी ओढलं. नाही.

"अवो, उशीर होऊन राह्यला," बायको म्हणाली.

"शू!"

मी बंपरला पाय लावला. घाम डोळ्यांत उतरला. तात्या तोंड उघडत होते आणि मिटत होते. त्या घरात जावयाला टोकत नाहीत. तो उलटा सदरा घालून आला तरी 'छान दिसते' म्हणतात.

"बापू... घट्ट झाल्यासारखा वाटते..."

"ते पाना सांगेल, तात्या!"

मी जीव खाऊन हिसका दिला. कट्!

"वाजला!" अख्खं घर ओरडलं. सासूबाईंनी तर हात जोडले. तेवढ्यात तुटलेल्या बोल्टाचा तुकडा पोटात घेऊन नट खाली पडला आणि घरंगळत तात्यांच्या पायाशी गेला.

मी पान्याकडे पाहिलं. आकडा अजून ट्रॅक्टरचाच होता!

"म्हंजे पाना नाई, बोल्ट वाजला?" तात्यांनी अतिशय आदरानं विचारलं.

वैशालीच्या डोळ्यांतलं काजळ ओघळायच्या बेतात.

"बाकीचे तीन नट तं हायेत ना?" बायको म्हणाली.

"तीन नटांवर मी वैशालीला नेणार नाही!" (त्या दिवशी मी केलेली एकमेव शहाणी गोष्ट.)

ऐन लग्नसराईत दुसरी गाडी कुठली मिळणार? तात्यांनी ट्रॅक्टरला ट्रॉली जोडली. वैशाली शालू सावरत सतरंजीवर बसली. मला मात्र खुर्ची दिली, जावयाचा मान म्हणून. गावाला लांबूनही दिसावं अशा उंचीवर मी एकटा!

रिसोडला नवरदेवाचे वडील मांडवाच्या दारात घड्याळ बघत उभे होते. ट्रॉली पाहून त्यांच्या कपाळावर आठ्या चढल्या. "काहून उशीर झाला?" त्यांनी विचारलं. आमच्या सगळ्या मंडळींनी फक्त माझ्याकडे पाहिलं, आणि घटकाभरात बोल्टाची गोष्ट मांडवभर झाली.

शेवटी अंगठ्यांची वेळ आली. वैशालीची अंगठी बोटाच्या पेरावर अडली. नवरदेवानं जोर लावला. आणखी लावला. त्याचा चेहरा लाल, वैशालीचे ओठ घट्ट मिटलेले, मांडव चिडीचूप. आता हेही मोडतंय की काय, या धास्तीनं मी खुर्ची धरून बसलो. तात्यांनी तोंड उघडलं, मिटलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि ते कडाडले,

"थांबा, बापू! आवाजाची वाट पाहू नका!"

नवरदेवानं झटकन हात काढला. त्या घरात जावयाला टोकायची सुरुवात ही अशी झाली. टोकलं धाकट्याला, पण मांडवभर माना वळल्या त्या थोरल्याकडे!